मध्यंतरातल्या काळ्या बेरेट टोप्या

कॅलिफोर्नियातील सँटा क्लारा येथील लिव्हाइज स्टेडियमवर ७ फेब्रुवारी २०१६ रोजी अमेरिकन फुटबॉलचा पन्नासावा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना झाला. मध्यंतराच्या कार्यक्रमाचा मुख्य मान कोल्डप्ले या वाद्यवृंदाला होता. परंतु दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या अकरा कोटींहून अधिक प्रेक्षकांमध्ये पुढे वाद पेटला तो हिरवळीवर उतरलेल्या गायिका बियॉन्से आणि त्यांच्या नर्तकींवरून. नर्तकींच्या अंगात काळे चामडी कपडे आहेत, भरघोस कुरळे केस मोकळे सोडलेले आहेत आणि त्यांवर काळी बेरेट टोपी आहे. कॅमेरा उंचावरून पाहू लागताच त्यांच्या रांगांमधून इंग्रजी ‘एक्स’ हे अक्षर उमटते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांना केलेले अभिवादन म्हणूनच अनेकांनी ते वाचले.

ही टोपी सँटा क्लाराहून फार दूर नसलेल्या ओकलंड शहरातली आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तेथे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना केली. त्या काळच्या कृष्णधवल चित्रफितींत काळी जाकिटे आणि बेरेट घातलेले तरुण शिस्तीने रांगेत उभे दिसतात. पोलीस एखाद्या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यात अडवीत, तेव्हा हे कार्यकर्ते काही अंतर राखून, उघडपणे बंदुका बाळगून आणि कायद्याची कलमे मोठ्याने वाचून दाखवीत पोलिसांवरच लक्ष ठेवीत असत. बंदुकांची ही छायाचित्रे जगभर छापली गेली. जानेवारी १९६९ पासून याच पक्षाने ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये शाळकरी मुलांना रोज सकाळी मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली. तिथल्या चित्रणात लांब टेबलांशी बसलेली मुले आणि त्यांना वाढणारे कार्यकर्ते दिसतात, आणि पक्षाची ओळख करून देताना हे दृश्य वगळणे अन्यायाचे ठरेल. पक्षात स्त्रियांचा वाटा मोठा होता; १९७४ मध्ये नेतृत्व एलेन ब्राऊन यांच्याकडे आले. महाराष्ट्राला पँथर हे नाव परके नाही, कारण १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या दलित पँथरने आपले नाव याच चळवळीवरून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी यांनी फॉक्स न्यूजवर आक्षेप घेतला की, या व्यासपीठाचा वापर पोलिसांवर हल्ला करण्यासाठी झाला. वास्तविक मैदानावर गायलेल्या ‘फॉर्मेशन’ या गाण्यात पोलिसांविषयी शब्दही नव्हता. पुराच्या पाण्यात बुडणारी पोलिसांची मोटार होती ती सामन्याच्या आदल्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चित्रफितीत. खेळात राजकारण नको, असेही अनेकांनी म्हटले. मात्र त्याच सामन्याच्या प्रारंभी राष्ट्रगीताच्या वेळी नौदलाची ब्लू एंजल्स विमाने स्टेडियमवरून गेली, तेव्हा त्यात कोणता संदेश आहे, हे या मंडळींपैकी कोणी विचारले नाही.

यानंतरचे चित्रीकरण मुख्य प्रक्षेपणात नव्हते. मैदानावरच भ्रमणध्वनीने टिपलेल्या या दृश्यात बेरेट घातलेल्या नर्तकी मुठी उंचावून उभ्या आहेत आणि हाताने लिहिलेल्या कागदावर मारिओ वूड्स यांच्यासाठी न्यायाची मागणी आहे. चाकूहल्ल्याचे संशयित असलेले, हातात चाकू असलेले २६ वर्षांचे वूड्स २ डिसेंबर २०१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, पोलिसांनी चहूकडून घेरलेले असताना पोलिसांच्याच गोळ्यांनी मरण पावले होते. टोपीवर, केसांवर आणि नृत्यावर पुढे कित्येक दिवस चर्चा रंगली. या कागदावरच्या नावाला त्या चर्चेत फारच थोडी जागा मिळाली.

१६ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये फुटबॉल संघटनेच्या कार्यालयाबाहेर जाहीर झालेल्या बियॉन्सेविरोधी निषेधाला मोजकेच विरोधक आले. समर्थक आणि पत्रकारच अधिक होते. मायामीच्या पोलीस संघटनेच्या अध्यक्षांनी बहिष्काराची हाक दिली, तरी बियॉन्से यांचा दौरा एप्रिलमध्ये मायामीतूनच सुरू झाला आणि तेथे ‘बॉयकॉट बियॉन्से’ असे छापलेले टी-शर्ट त्यांनीच विकायला ठेवले. आपला संदेश पोलिसांविरुद्ध नसून पोलिसी अत्याचाराविरुद्ध आहे, असे त्यांनी एका मुलाखतीत स्पष्ट केले. वूड्स यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या अधिकाऱ्यांवर खटला न भरण्याचा निर्णय सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी वकिलांनी मे २०१८ मध्ये जाहीर केला.