फाटकापलीकडे जागा आहे का?

(गळीत हंगामाच्या तोंडावर ऊस वाहतूकदार, ट्रॅक्टरचालक आणि मुकादमांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, माझी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. त्यामुळं फाटकाकडं मी रुळाच्या बाजूनं बघतो, तुम्ही रस्त्याच्या बाजूनं बघता. आज रुळाच्या बाजूनं काय दिसतं तेवढं सांगणार आहे.

तुमची नेहमीची तक्रार आधी घेतो. ‘गेटमन फाटक पाडून बसतो आणि दहा-दहा मिनिटं गाडीचा पत्ता नसतो.’ खरं आहे, असं होतं. पण गेटमन हे मनानं करत नाही. जिथं फाटक सिग्नलला जोडलेलं असतं, म्हणजे इंटरलॉक असतं, तिथं दांडी पूर्ण खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही. आणि सिग्नल फाटकापाशी दिसून उपयोग नाही, तो लोको पायलटला, म्हणजे गाडीच्या चालकाला, लांबून दिसायला हवा, कारण वेगातल्या गाडीला थांबायला किलोमीटरभर लागतो. पोलादी चाक, पोलादी रूळ, वर हजारो टन वजन. म्हणून गाडी काही किलोमीटर लांब असतानाच तुमचं फाटक पडतं.

आता दांडी खाली येत असताना एकानं ट्रॅक्टर आत घातला तर काय होतं? दांडी अडते, कुलूप लागत नाही, सिग्नल लालच राहतो. गाडी बाहेर उभी राहते. मग ती पुन्हा वेग घेऊन फाटक ओलांडेपर्यंत सगळा रस्ता तुंबलेला. घुसणाऱ्यानं स्वतःची दोन मिनिटं वाचवली आणि मागच्या शंभर जणांची वाढवली. मुंबईकडं दिवा स्टेशनच्या फाटकानं हेच दाखवलंय. रस्त्यावरची गर्दी हटेना, दांडी पडेना, म्हणून लोकल खोळंबत आल्या. कळव्याजवळच्या खारेगावलाही हेच होतं, २०२२ मध्ये उड्डाणपूल झाला तेव्हा कुठं तिथलं फाटक गेलं.

दुसरी गोष्ट लांबीची. माझ्या मते तुमच्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

मोटारसायकलवाला फाटकावर एकच प्रश्न विचारतो, गाडी येतेय का? तुमचा पहिला प्रश्न वेगळा पाहिजे. पलीकडं माझ्या अख्ख्या लांबीला जागा आहे का? ट्रॅक्टर आणि मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून साधारण पंधरा मीटर धरा. रूळ दुहेरी असतील तर थांबायच्या जागेपासून पलीकडच्या रुळाच्या पार सुरक्षित जाईपर्यंत आणखी पंधरा मीटर. झाले तीस. भरलेली डबल ट्रॉली फाटकाच्या चढावर माणसाच्या चालीनंच जाते, ताशी पाच किलोमीटर धरू. तीस मीटरला एकवीस-बावीस सेकंद लागतात.

आता रुळाकडून बघा. फाटकाच्या अलीकडं ६०० मीटरवर पिवळी पाटी असते, तिच्यावर ‘सी/फा’, म्हणजे सीटी/फाटक, लिहिलेलं असतं. तिथून लोको पायलट शिट्टी वाजवायला लागतो. ताशी १०० किलोमीटरनं येणारी गाडी ते ६०० मीटर किती वेळात तोडते? एकवीस-बावीस सेकंद. म्हणजे शिट्टी ऐकून तुम्ही ट्रॅक्टर हलवलात, तर शेवटच्या ट्रॉलीचा आणि इंजिनाचा हिशेब अगदी बरोबरीत सुटतो. मधे गिअर अडकला, चाक घसरलं, पुढचा थांबला, की संपलं. आणि ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावली असतील तर शिट्टी ऐकू येईल ही आशाही सोडा. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेची व्हॅन बिनराखणीच्या फाटकावर गाडीखाली आली, तेरा मुलं गेली. चालकाच्या कानात इयरफोन होते असं तेव्हा पुढं आलं.

ट्रॉलीचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. ३ फेब्रुवारी २००५. नागपूरजवळ कन्हानला लग्नाचं वऱ्हाड ट्रॅक्टर-ट्रॉलीतून निघालं होतं. फाटकावर रेल्वेची धडक बसली, पन्नासहून अधिक माणसं गेली. त्या फाटकावर राखण नव्हती. अशी बिनराखणीची फाटकं ब्रॉडगेज मार्गांवरून जानेवारी २०१९ अखेर काढून टाकली, हे रेल्वेचं मोठंच काम म्हणायचं. रेल्वे सुरक्षेसाठी नेमलेल्या डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीनं तर २०१२ मध्येच सांगितलं होतं की राखणीची असोत वा बिनराखणीची, सगळीच फाटकं पाच वर्षांत काढा, ५० हजार कोटी लागतील. पाच वर्षं केव्हाच उलटली. राखणीची फाटकं अजून हजारोंनी आहेत.

राखण आहे म्हणजे निर्धास्त, असंही नाही. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या व्हॅनला गाडीनं उडवलं, तीन मुलं गेली. तिथं गेटमन होता, पण फाटक सिग्नलला जोडलेलं नव्हतं. म्हणून दांडी वर असली तरी वेग कमी करा, दोन्हीकडं नजर टाका, मगच जा. आणि दुहेरी मार्गावर एक गाडी गेली की लगेच इंजिन रेस करू नका, समोरून दुसरी येत असते. दांडी अजून खाली आहे, त्याचं कारण तेच असतं.

रुळावर गिअर बदलायचा नाही. अलीकडंच पहिला टाका आणि त्यातच पार व्हा. बंद पडलाच तर आधी ट्रॉलीवरची माणसं उतरवा, बायका-पोरं लांब न्या आणि एकानं गेटमनकडं धाव घ्या. स्टार्टर मारत बसू नका. गेटमनकडं स्टेशनचा फोन असतो, लाल झेंडा असतो आणि रुळावर लावायचे फटाकेही असतात. चाकाखाली ते फुटले की लोको पायलटला धोका कळतो. पण ते ६०० आणि १२०० मीटरवर लावायचे असतात, तेवढं पळायला त्या माणसाला वेळ द्या.

उंचीचंही बघा. पुणे-मिरज मार्गावर आता वीज आली आहे. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि शॉक बसायला तारेला हात लागावाच लागतो असं नाही, दोन मीटरच्या आत गेलं तरी धोका. फाटकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कमान असते ती यासाठी. तिच्यावर ४.६७ मीटर लिहिलेलं असतं. मोळ्या त्याच्या आत रचाल, पण मोळ्यांवर माणूस बसला तर त्याचं डोकं कुठं येतं? फाटकाआधी त्याला खाली उतरवा.

कायद्याचं थोडक्यात. बंद फाटक परस्पर उघडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, तोडलं तर पाच. रेल्वे कायदा, कलम १६०. गेटमनला दमदाटी करून दांडी वर करायला लावणारे शूर लोक गावोगाव आहेत. पडलेली दांडी वर करायची तर त्याला आधी स्टेशनला विचारावं लागतं, त्याच्यावर आवाज चढवून काय मिळणार?

आता इथं कारखान्याच्या शेतकी खात्याची मंडळी बसली आहेत, त्यांच्याशी बोलतो. ट्रॅक्टरवाला रुळावर अडकतो तो बहुतेक वेळा उतावीळपणानं नव्हे, तर पुढं रांग तुंबली म्हणून. कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागावा म्हणून जो तो पुढच्याच्या ट्रॉलीला चिकटून उभा राहतो आणि रांगेचं शेपूट फाटकात येतं. हंगामात रांग तिथवर येते हे तुम्हालाही ठाऊक आहे. तेव्हा एक माणूस फाटकाच्या अलीकडं उभा करा. पलीकडं ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्यांची जागा मोकळी झाल्याशिवाय त्यानं पुढचा ट्रॅक्टर सोडायचा नाही, आणि नंबराची चिठ्ठी त्यानं तिथंच द्यायची, म्हणजे थांबलेल्याचा नंबर जाणार नाही. रात्रपाळीलाही माणूस लागेल, कारण रांग रात्रीच वाढते.