आयकर गेला, तर जळगावचं बिल किती वाढेल?

[दृश्य : रावेरजवळची केळीबाग, ठिबकच्या नळ्या, पाठीवर फवारणी पंप]

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचा घड कापणीला येईपर्यंत शेतकऱ्यानं सरकारला बराच कर दिलेला असतो. आयकर नव्हे, शेतीचं उत्पन्न त्यातून मोकळंच आहे. पण ठिबकच्या नळीवर 5 टक्के जीएसटी आहे आणि करपा रोगावर मारायच्या रासायनिक बुरशीनाशकावर 18 टक्के. ताज्या केळीवर कर शून्य, शेतकऱ्याची जीएसटी नोंदणी नाही. त्यामुळे भरलेला कर त्याला परत मिळत नाही, खर्चातच मुरतो.

आयकर काढून टाका, विक्रीवरचा कर वाढवा, अशी मागणी अधूनमधून होते. कंपन्यांचा कर बाजूला ठेवू. केंद्राच्या अर्थसंकल्पातल्या 2024-25 च्या सुधारित अंदाजात व्यक्तिगत आयकर सुमारे 12.57 लाख कोटी रुपये होता. त्याच वर्षी परतावे वजा जाता जीएसटी आला सुमारे 19.56 लाख कोटी. म्हणजे जीएसटी 64 टक्क्यांनी वाढवावा लागेल : 18 चे साडेएकोणतीस, 5 चे सव्वाआठच्या आसपास, सोन्यावरच्या 3 चे जवळपास 5. तेही लोकांची खरेदी जराही घटली नाही तर. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये अनेक दर उतरले, तेव्हा खरी वाढ याहून जास्तच.

टक्केवारी ऐकताना सावध राहावं. आयकर काढून त्याजागी एकच विक्रीकर लावायच्या अमेरिकेतल्या ‘फेअरटॅक्स’ प्रस्तावात दर 23 टक्के सांगतात. शंभर डॉलरच्या मालावर कर मात्र तीस डॉलर. एकशेतीसमधले तीस, म्हणून 23.

[दृश्य : जळगाव, पीव्हीसी पाइपांचं दुकान, काउंटरवर बिलबुक]

दर चढला की पहिला प्रश्न काउंटरवर येतो : “बिल फाडायचं का?” समजा पाइप कारखान्यातून 80 रुपयांना निघाला, घाऊक व्यापाऱ्यानं 90 ला दिला, दुकानदारानं 100 ला विकला. कर 30 टक्के, पण फक्त शेवटच्या विक्रीवर. दुकानदारानं कच्च्या चिठ्ठीवर माल दिला की पूर्ण 30 रुपये बुडाले. जीएसटी प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा घेतला जातो, त्यामुळे 90 पर्यंतचे 27 रुपये आधीच जमा असतात, बुडतात 3. महाराष्ट्रानं 1 एप्रिल 2005 ला विक्रीकर सोडून असाच टप्प्याटप्प्यानं घ्यायचा व्हॅट आणला, त्यामागे हेही एक कारण होतं. म्हणून कर वाढवायचाच तर टप्प्याटप्प्यानं घेणाऱ्या साखळीतच वाढवावा; एकाच टप्प्यावरचा तीस टक्के दर टिकणार नाही.

केंद्राला हे एकट्यानं करताही येत नाही. दर ठरवणाऱ्या, केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत तीन चतुर्थांश मतं लागतात आणि केंद्राकडे एक तृतीयांशच आहेत.

[दृश्य : दालमिल, पोती उचलणारे हमाल]

आता दोन घरं. वर्षाला 20 लाख पगार असलेल्या अधिकाऱ्याला 2025-26 च्या नव्या कररचनेत उपकरासह 1,92,400 रुपये आयकर बसतो. तो वाचेल. 18 टक्क्यांच्या गटातली खरेदी त्यानं 8 लाखांची केली, तर जादा कर सुमारे 92 हजार. उरलेले एक लाख त्याच्या खिशात.

दालमिलमधल्या हमालाची कमाई धरू वर्षाला 1 लाख 80 हजार. आयकर आजही शून्य, वाचणार काहीच नाही. त्याच्या घरची 5 टक्के गटातली खरेदी 60 हजार आणि 18 च्या गटातली 20 हजार धरली, तर सव्वाचार हजारांच्या आसपास जादा जातील.

फेअरटॅक्समध्ये यावर तोड आहे : प्रत्येक कुटुंबाला गरजेच्या खर्चावरचा कर दर महिन्याला आगाऊ परत. इथे तसं करायचं तर या हमालाच्या घरी महिन्याला साडेतीनशे रुपये पोहोचवावे लागतील. केळीवाल्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही; त्याच्या फवारणीवरचा वाढीव कर घरखर्चाच्या हिशेबात येतच नाही.