ओळखीतली सही

डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

इंदूरच्या मराठी वस्त्यांत, मग रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, फॅमिली डॉक्टर हा घरचाच माणूस. आपला दवाखाना या घरोब्यावर चालतो, आणि कायद्याच्या बाबतीत आपण अडकतो तेही बहुतेकदा या घरोब्यापायीच. म्हणून आज मला बोलायचं आहे ते भिडेखातर केलेल्या सहीबद्दल.

ओळखीतला मुलगा येतो. ‘काका, मागच्या सोमवारपासूनचं सिक सर्टिफिकेट द्या ना, ऑफिसात अडलंय.’ आपण त्याला आज पहिल्यांदा तपासतोय. अशा वेळी कागदावर तारीख आजचीच पडली पाहिजे. ‘सोमवारपासून ताप असल्याचं रुग्ण सांगतो, आज तपासणीत अमुक आढळलं, पुढे इतके दिवस विश्रांती हवी’ एवढं जरूर लिहा. सोमवारी त्याला पाहिलं होतं असं भासवू नका. डॉक्टरांसाठीची २००२ ची आचारसंहिता आजही लागू आहे. २०२३ ची नवी नियमावली ऑगस्टमध्ये आली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली. या संहितेनुसार सर्टिफिकेटवर रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि निदान एक ओळखीची खूण हवी. प्रत आपल्याकडे राहायला हवी आणि दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची रजिस्टरमध्ये नोंद हवी. खोटं सर्टिफिकेट दिलं तर मेडिकल कौन्सिलच्या यादीतून नावही जाऊ शकतं.

याहून अवघड प्रसंग रात्रीचा. आजोबा घरीच गेलेत, नातेवाईक जमलेत, सकाळी पंचकुइयाच्या स्मशानात न्यायचंय. ‘तुम्हीच बघत होतात ना त्यांना, लिहून द्या.’ शेवटच्या आजारात आपणच उपचार करत असू, तर मृत्यूच्या कारणाचा दाखला देणं आपलं कर्तव्यच आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे त्याचे पैसे घेता येत नाहीत. घरी झालेल्या मृत्यूसाठी फॉर्म ४-अ असतो, आणि त्यात ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढंच लिहून आपण मोकळे होतो. हृदय तर प्रत्येकाचंच थांबतं. ते कशामुळे थांबलं, हे फॉर्म विचारतो. वरच्या ओळीत न्यूमोनिया, त्याखाली पक्षाघात, त्याखाली जुना रक्तदाब, अशी साखळी उलगडत खाली यायचं असतं. या दाखल्यांवरूनच देशात माणसं कशाने मरतात याचा हिशेब लागतो, म्हणून ही ओळ घाईने भरली की मला फार वाईट वाटतं.

पण शेवटच्या आजारात रुग्ण आपल्याकडे नव्हताच, अंगावर मार दिसतोय, विषाचा वास येतोय, किंवा लग्नाला सात वर्षंही न झालेली सून अचानक गेली आहे, तर पेन खिशातच राहू द्या आणि पोलिसांना कळवा. दारात कितीही मोठी माणसं उभी असोत.

बाकी कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. मध्य प्रदेशात दवाखान्याची नोंदणी १९७३ च्या राज्य कायद्याखाली, सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयात होते. रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात लावलेला हवा आणि प्रिस्क्रिप्शनवर, पावतीवरही हवा. वापरलेली सुई निगमच्या कचरागाडीत जाता कामा नये, शहर स्वच्छतेत कितीही नावाजलेलं असलं तरी. आपण ज्या पॅथीत शिकलो आणि नोंदलो तीच वापरायची. होमिओपॅथने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली म्हणून पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याला निष्काळजी ठरवलं होतं. आणि ओपीडीतल्या रुग्णाच्याही दोन ओळी लिहून ठेवा. १९९५ पासून पैसे घेऊन दिलेली आपली सेवा ग्राहक कायद्याखाली येते, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि तेव्हा ‘मला आठवतंय’ याला आयोगापुढे फारशी किंमत नसते.

आता गुप्ततेबद्दल. सासूबाई बीपी दाखवायला येतात आणि जाता जाता विचारतात, ‘सुनेचे रिपोर्ट काय आले हो?’ सून सज्ञान आहे, रिपोर्ट तिचे आहेत. ‘तिलाच विचारा ना मावशी’ एवढं हसून म्हटलं की पुरतं. आपल्या कंपाउंडरलाही हे शिकवावं लागतं, कारण बातमी बहुतेकदा काउंटरवरूनच फुटते.

मात्र एका ठिकाणी गप्प बसणं हाच गुन्हा आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला आई घेऊन येते, पाळी चुकलेली असते, आणि आई हात जोडते, ‘घरातली गोष्ट घरात राहू द्या, डॉक्टरसाहेब.’ पॉक्सो, म्हणजे अल्पवयीन मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे; न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आईला हे शांतपणे समजावा आणि पोलिसांकडे तिला एकटीला पाठवू नका. मुलीने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. उपचार लगेच सुरू करा. त्यासाठी एफआयआरची किंवा पोलिसांच्या पत्राची वाट पाहायची गरज नाही. तसा कागद मागायला नियमातच मनाई आहे.