कार्डाचा सातबारा

मंडळी, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. जुन्या बेसबॉल कार्डांबद्दल मात्र मी नेमकं उलटं सांगणार आहे. कूळ आधी विचारा, किंमत मागाहून.

न्यू जर्सीत राहायला आल्यावर मी हा छंद धरला. माझं मन गुंतलं ते ‘टी२०६’ मालिकेत. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांतून ही कार्डं निघायची. साधारण दीड इंच रुंद, अडीच इंचांहून थोडी उंच. पुढे खेळाडूचं रंगीत चित्र, मागे सिगारेटची जाहिरात. पिट्सबर्ग संघाचा खेळाडू होनस वॅग्नर हा त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध, आणि दुर्मीळही. त्याचं कार्ड छापणं लवकरच थांबलं, आणि आज पन्नास-साठच्या आसपास प्रती माहीत आहेत.

त्यातल्या एका प्रतीची कथा तुम्हांला सांगायलाच हवी. 1985 मध्ये बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने ती 25 हजार डॉलरना घेतली आणि दोन वर्षांनी 1 लाख 10 हजारांना विकली. 1991 मध्ये सदबीज या लिलावसंस्थेच्या लिलावात आइस हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्स्की आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ती 4 लाख 51 हजारांना घेतली. तेव्हापासून तिचं नावच ‘ग्रेट्स्की वॅग्नर’ पडलं. पीएसए या दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने तिला अनुक्रमांक 1 आणि दहापैकी आठ गुण देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद केलं. 2007 मध्ये ती 28 लाख डॉलरना गेली.

काठ इतके सरळ, कोपरे इतके टोकदार, की जाणकारांत कुजबूज होतीच. अखेर 2013 मध्ये शिकागोच्या न्यायालयात, लिलावातल्या फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल करताना मास्ट्रोने हेही मान्य केलं, की कार्डाच्या कडा त्यानेच कापल्या होत्या. 2015 मध्ये त्याला 20 महिन्यांची शिक्षा झाली.

आता बघा, या कार्डाच्या मालकांची यादी जगजाहीर होती. त्यात एक जगप्रसिद्ध खेळाडू होता. पण कार्डाला जे झालं ते त्याच्या हाती येण्याच्या आधी झालं होतं. मोठं नाव मिळालं आणि लोकांनी मागचं विचारणंच सोडलं. म्हणून मला मालकाच्या कीर्तीत रस नाही. कार्ड कुणाकडे, किती वर्षं, कसं राहिलं आणि त्या हातात त्याचं काय झालं, हे मला हवं असतं. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर मालकाचं नाव वाचून थांबतो का? जुने फेरफार काढून बघतो.

कापणारा काय करतो ते सांगतो. वापराने कोपरे आधी बोथट होतात. धारदार पात्याने बाजूचा केसभर पट्टा काढला, की कोपरा पुन्हा नवा दिसतो आणि किंमत कित्येक पट चढते. भिंगाखाली जुनी कड मळकट, किंचित तंतुमय दिसते. ताजी कड पांढरी आणि चकचकीत. पण हात सराईत असेल तर तेही झाकता येतं. मग पट्टी लावावी, तर तीही पुरेशी नाही. शंभर वर्षांपूर्वी कारखान्यातच कार्डं कमीजास्त कापली जायची, त्यामुळे थोडं अरुंद कार्ड अगदी प्रामाणिकही असू शकतं. कागद स्वतःहून सगळं बोलत नाही. तिथे इतिहासाची साक्ष लागते.

ही साक्ष किती भक्कम असू शकते? 2012 मध्ये ओहायोतल्या डिफायन्स गावी एका घराच्या माळ्यावर खोका सापडला. आत 1910 च्या सुमाराची, टी२०६ नव्हे तर दुसऱ्या मालिकेतली सुमारे 700 कार्डं, कोरी करकरीत. आजोबांचं मांसविक्रीचं दुकान होतं, तिथे ती आली असावीत असा कुटुंबाचा कयास. त्यातल्या एका वॅग्नरला दहापैकी दहा गुण मिळाले. हीच कार्डं कुणा अनोळखी विक्रेत्याने एकेक करून आणली असती, तर मीच पहिला म्हटलो असतो, “कापलेली दिसतायत.” त्या माळ्याने शंका मिटवली. आजही त्यांच्या डबीवर, त्या भागाच्या नावावरून, ‘ब्लॅक स्वॉम्प फाइंड’ असं लिहिलेलं असतं. मालक कोण? गावातला एक खाटीक. माझ्या लेखी तो ग्रेट्स्कीपेक्षा मोठा मालक.

आणि दुसरा असा मालक म्हणजे कार्डसंग्राहक जेफरसन बर्डिक. ‘टी२०६’ हा क्रमांकच त्याने केलेल्या कार्डांच्या सूचीतून आला. सांधेदुखीने हात आखडलेले असताना त्याने आपला तीन लाखांहून अधिक नगांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि 1963 मध्ये मरण पावण्याआधी स्वतः तो वह्यांत लावून पूर्ण केला. कार्डं सरळ डिंकाने चिकटवलेली! बाजारात त्यांना गुण कमीच मिळाले असते. पण त्या वह्यांकडे बघताना मला भरून येतं.

अर्थात साध्या खेळाडूच्या स्वस्त कार्डाचा पूर्ण इतिहास कुणाला मिळत नाही. 1910 च्या मजुराने सिगारेटची पावती ठेवली नव्हती. तिथे भिंग आणि पट्टी एवढ्यावरच भागवावं लागतं, आणि ते ठीक आहे. महागड्या कार्डाला मात्र ही सवलत देऊ नका.

माझं पहिलं टी२०६ मी एका प्रदर्शनात घेतलं. विक्रेत्याला विचारलं, कुठून आलं? “जुन्या संग्रहातून.” एवढंच उत्तर, आणि मी पैसे मोजले. घरी दुसऱ्या कार्डाशेजारी ठेवलं तेव्हा उजवी बाजू नखाच्या जाडीएवढी कमी होती आणि कड पांढरीफेक. रात्रभर झोप लागली नाही. ते मी विकलं नाही. लिफाफ्यावर पेन्सिलीने तारीख, जागा, किंमत आणि ‘उजवी कड कापलेली’ असं लिहून ठेवलंय, म्हणजे माझ्यानंतर ज्याच्या हाती जाईल त्याला कळेल.

ते कार्ड आणि त्याच्यासोबत एक न कापलेलं, अशी दोन्ही पहिल्या रांगेपासून फिरवतोय. भिंगही देतो. कडेला बोट न लावता धरा, आणि उजवी बाजू आधी बघा.