बॅटन पडल्यानंतर

(दृश्य: सकाळचं मैदान. उन्हाळी शिबिरातल्या मुलांचा रिलेचा सराव. बॅटन मातीत पडतं.)

बॅटन पडलं. मुलीची मान खाली गेली. मागून धावत आलेला मुलगा चिडून काहीतरी पुटपुटला. आता प्रशिक्षकांकडे बघा. ते ओरडत नाहीत. शेजारी उकिडवे बसतात. "होतं असं. मागे वळलीस ना, म्हणून हात हलला. नजर पुढे, हात ताठ. आणि तू रे, देताना हाक दे."

उन्हाळी शिबिरातून मूल काय घेऊन जाणार, ते बरंचसं अशा क्षणी ठरतं.

खेळामुळे मुलं आपोआप घडतात, असं आपण सर्रास म्हणतो. मला ते पटत नाही. खेळात मूल खचतंही. अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉल संघांवर बार्नेट, स्मॉल आणि स्मिथ या संशोधकांनी अभ्यास केला, तो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. चुकलं की आधी धीर द्या, मग नेमकं काय करायचं ते सांगा, मेहनतीला दाद द्या, एवढं काही प्रशिक्षकांना शिकवलं होतं. त्यांच्याकडची ५ टक्के मुलं पुढच्या हंगामात आली नाहीत. इतरांकडे ही गळती २६ टक्के होती. हार-जीत दोन्हीकडे जवळपास सारखीच!

(दृश्य: मुलं मैदानावरचे खुणेचे शंकू गोळा करताहेत.)

शिबिराची आणखी एक मोठी गोष्ट. शाळेत मुलावर शिक्का बसलेला असतो: हा हळू, ती भित्री. इथे सगळेच नवखे. तो शिक्का कुणालाच ठाऊक नसतो.

शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक डॉन हेलिसन यांनी खेळातून जबाबदारी शिकवण्याच्या पायऱ्या मांडल्या. आधी दुसऱ्याचा मान राखायचा, मग मनापासून प्रयत्न, स्वतःचं स्वतः ठरवणं, दुसऱ्याला मदत. शेवटची पायरी सर्वांत अवघड: मैदानात शिकलेलं मैदानाबाहेर नेणं. ती आपोआप चढता येत नाही, त्यासाठी मुलांशी बोलावं लागतं. म्हणून सरावानंतरची ही दहा मिनिटं.

(दृश्य: मुलं गोल करून बसली आहेत.)

"आज कोण चिडलं होतं?" प्रशिक्षक विचारतात. बराच वेळ कुणी बोलत नाही. मग सकाळचा तो मुलगा हात वर करतो.

"मी. तिला बोललो. पण बॅटन मीच नीट दिलं नव्हतं."

"असं घरी होतं कधी?"

तो गवताची काडी तोडत राहतो.

"होतं. धाकट्या भावाशी."