स्वामीमलैची ओतीव देवी

[मेणकाम. हात अगदी जवळून.]

ही देवी अजून मेणाची आहे. बोटांच्या उबेनं ती सैल पडायला लागते, म्हणून कारागीर मधूनच तिला पाण्यात बुडवतो आणि घट्ट झाली की पुन्हा कामाला लागतो. मधाच्या पोळ्याच्या मेणात राळ आणि शेंगदाण्याचं तेल मिसळलेलं असतं. राळ कमी पडली तर आकार टिकत नाही, जास्त झाली तर मेण तडकतं. किती घालायची, ते हात सांगतो.

गाव स्वामीमलै. तमिळनाडूत, कुंभकोणमच्या शेजारी, कावेरीच्या काठी. मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, सहा मुख्य क्षेत्रांपैकी हे एक. यात्रेकरू देवळाकडे वळतात, आपण मात्र स्थपतींच्या, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्यांच्या, कामाच्या जागेत शिरू. तंजावरचं बृहदीश्वराचं देऊळ उभं करायला आपले पूर्वज गेले होते, असं इथली घराणी सांगतात. ते देऊळ १०१० साली पूर्ण झालं.

[झावळीची पात. घड्या घालणारी बोटं.]

इथली मोजपट्टी ही अशी. नारळाच्या झावळीची पात घडवायच्या मूर्तीच्या उंचीएवढी कापायची आणि घड्या घालून तिचे भाग पाडायचे. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल. खांदे, कंबर, गुडघे, सगळं या तालाच्या हिशोबात बसतं. मूर्तीची उंची बदलली की पातही नवी. इंच-सेंटिमीटरची गरजच पडत नाही.

ही पार्वती. शरीराला तीन ठिकाणी बाक. डावा हात गाईच्या शेपटीसारखा सैल सोडलेला; शास्त्रातही हीच उपमा आहे. उजव्या हाताची बोटं बघा, अर्धवट मिटलेली. मधली पोकळी मुद्दाम ठेवलीय, पूजेच्या वेळी तिथे ताजं फूल खोचता यावं म्हणून.

[मातीचा पहिला थर.]

आता कावेरीचा गाळ. वस्त्रगाळ म्हणावी इतकी बारीक माती. नखाची कड, पैंजणाचा दाणा, जे काही धातूत उतरायला हवं ते हा पहिला थर पकडतो. वरचे थर भरड, वाळू मिसळलेले. मूर्ती मोठी असेल तर भोवती लोखंडी तार आवळतात. वाळवायचं सावलीतच, उन्हात ठेवलं तर साचा तयार होण्याआधीच आतलं मेण पाघळेल.

मग गोवऱ्यांची आच. मेण वितळून भोकांतून वाहून जातं आणि देवीच्या आकाराची पोकळी मागे राहते. धातू किती लागणार, हे आधीच ठरलेलं असतं, कारण मेण तोलून ठेवलंय. त्याच्या साधारण आठ ते दहा पट. बाराव्या शतकात दख्खनमधल्या कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ या ग्रंथात हीच रीत लिहून ठेवली. म्हणजे ही विद्या एकट्या कावेरीकाठची नव्हे. आपल्याकडच्या कितीजणांना हे ठाऊक आहे?

मुशीत मुख्यतः तांबं, जोडीला पितळ आणि शिसं. सोनं-चांदी नावापुरती, पण त्यांच्याशिवाय पंचधातू म्हणता येत नाही. साचा खड्ड्यात पुरून तोंड वर ठेवलंय. धार बारीक हवी आणि एकसलग हवी. मध्येच थांबली तर आधीचा धातू थिजतो, जोड राहतो, आणि सगळी मेहनत वाया.

[ओतकाम. मूळ आवाज. निवेदन नाही.]

[साचा फोडताना.]

साचा फुटला. तो पुन्हा कामाला येणार नाही. दुसरी देवी हवी असेल तर पुन्हा मेणापासून सुरुवात. इथे हुबेहूब जोडी मिळत नाही, आणि कुणी मागूही नये.

भट्टीतून निघालेली ही काळपट, खरबरीत मूर्ती अर्धीच झालेली असते. उरलेलं काम छिन्नी आणि कानशीचं. कॅमेरा मागे नेला तो यासाठी: डोक्यामागचं शिरश्चक्र, मानेवरच्या बटा. उत्सवात देवीला रेशीम नेसवतात, हारांनी झाकतात, भाविकाला चेहऱ्यापलीकडे फारसं काही दिसत नाही. तरी पाठीवर छिन्नी तितकीच चालते. पीठाला कड्या ठेवलेल्या असतात, मिरवणुकीत मूर्ती पक्की बांधता यावी म्हणून.

[देवळाचा गाभारा, बाहेरून.]

दहाव्या शतकात सेंबियन महादेवी या चोळ राणीनं विटांची देवळं दगडात बांधून घेतली, त्यांना कांस्यमूर्ती दिल्या. त्या काळच्या कितीतरी मूर्ती पुढे चोरीला गेल्या. तमिळनाडूतल्याच श्रीपुरंदनच्या देवळातली उमा परमेश्वरी सिंगापूरच्या संग्रहालयात पोचली आणि २०१५ साली भारतात परत आली.

[दुकानं. तराजू.]

स्वामीमलैच्या कांस्यमूर्तींना भौगोलिक मानांकन मिळालंय. यंत्रावर काढलेल्या नकला त्यानं थांबल्या नाहीत, आणि घरातली मुलं दुसऱ्या नोकऱ्या धरतायत. बाजारात मूर्तीचा भाव अजून बऱ्याचदा किलोवर ठरतो. छिन्नी तर धातू काढून टाकते. म्हणजे जितकं बारीक काम, तितकं वजन कमी. मजुरी वेगळी धरा, एवढंच कारागिरांचं म्हणणं आहे.