आजोबांच्या ट्रंकेतली मशीनगन

दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी काय काय घरी आणलं, हे सांगत बसलो तर आजची वेळ त्यातच जाईल. झेंडे, शिरस्त्राणं, जपानी तलवारी यांचं कोणाला काही नाही. जर्मन ल्यूगर पिस्तूल किंवा जपानी अरिसाका रायफल असली तरी केंद्रीय कायद्याला सहसा चालते. न्यूयॉर्कसारख्या राज्यात पिस्तुलाला वेगळा परवाना लागतो, एवढंच. पंचाईत होते ती ट्रंकेतून जर्मन एमपी-४० मशीनगन निघाली की.

शत्रूची वस्तू घरी न्यायला हरकत नाही, अशी वरिष्ठांच्या सहीची प्रमाणपत्रं सैन्याने तेव्हा दिली होती. असा कागद हाती लागला की घरच्यांना हायसं वाटतं. पण मशीनगनला १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार केंद्र सरकारच्या दफ्तरी नोंद लागते, आणि हा कागद म्हणजे ती नोंद नव्हे. सैन्याचं खातं वेगळं, तेव्हा ती नोंद ठेवणारं करखातं वेगळं. शिवाय बऱ्याच मशीनगन सुट्या करून सामानात दडवून आणलेल्या. त्यांना तेवढाही कागद नाही.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते सरळमार्गी लोकांचं. युद्धानंतर सरकारने एक वाट काढली होती: नळी वेल्डिंग करून बंद करून घ्या, मग ती शोभेची वस्तू. अनेकांनी तसं केलं. १९६८ साली कायदा बदलला आणि बंदुकीचा नुसता मूळ सांगाडाही (रिसीव्हर, म्हणजे बाकीचे भाग ज्यात बसतात तो) मशीनगन ठरला. म्हणजे सरकारच्या सांगण्यावरून बंद केलेली, दिवाणखान्यात टांगलेली बंदूक पुन्हा नोंदणीच्या कक्षेत आली!

त्याच वर्षी हेन्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, नोंदणीची सक्ती म्हणजे माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं. म्हणून नव्या कायद्यात माफीची, म्हणजे खटल्याच्या भीतीशिवाय नोंद करून घेण्याची, मुदत आली: २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर १९६८. एक महिना. शेतावर, कारखान्यात राबणाऱ्या किती जणांपर्यंत ती बातमी वेळेत पोचली असेल? पुढेही नव्वद दिवसांपर्यंतच्या मुदती देण्याचा अधिकार त्याच कायद्यात आहे, पण माजी सैनिकांसाठी तशी मुदत पुन्हा निघालेली नाही. अमेरिकेच्या संसदेत विधेयकं आली, कायदा झाला नाही. मला ही निव्वळ हट्टाची गोष्ट वाटते.

आज स्थिती अशी: नोंद असलेली बंदूक वारसाला करमुक्त मिळते. १९८६ नंतर नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंद बंद झाल्यामुळे तिला मोठी किंमतही येते. नोंद नसलेली तीच बंदूक मात्र विकता येत नाही, नोंदवता येत नाही, आणि जवळ ठेवली तर दहा वर्षांपर्यंत कैद. ती मशीनगन आहे हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध करावं, असं १९९४च्या स्टेपल्स निकालाने सांगितलं. पण ट्रंक उघडून पाहिल्यावर तो बचाव फारसा उरत नाही.

म्हणून वारसांनी आधी दफ्तरी नोंद आहे का ते पाहावं. वडिलांच्या कागदांत ६८चा अर्ज कधीकधी सापडतो. नसेल, तर बंदूक गाडीत घालून ठाण्यावर नेऊ नये. आधी वकील गाठावा आणि त्याच्यामार्फत ती सरकारजमा करावी. तिचे सुटे भाग ठेवता येतात का, तेही त्यालाच विचारावं. मूळ सांगाडा मात्र जातोच.